एका परदेशी गोष्टीतली आई आणि दोन मुलगे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कुणीतरी एकीने वाचलेल्या पुस्तकावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर इथे संतचरित्रे झाली, सामाजिक कादंबऱ्या झाल्या, स्त्रियांची आत्मचरित्रेही झाली. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी मुलांच्या एका पुस्तकावर बोलणार असे कळल्यावर दोघीतिघींनी मला विचारलेही की, "अहो, मुलांच्या पुस्तकात बायकांनी ऐकण्यासारखे काय असणार?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचेच उत्तर द्यायला मी उभी आहे.

पुस्तक इंग्रजी आहे आणि माझे शिक्षण तर सातवीपर्यंतचे. माझ्या मुलीने ते मला प्रकरणाप्रकरणाने मराठीत सांगितले. जिथे कळले नाही तिथे मी तिला थांबवून दोनदोनदा विचारून घेतले. तेव्हा माझी माहिती ऐकीव असली तरी वरवरची नाही, एवढे आधीच सांगते.

पुस्तकाचे नाव 'द लायटनिंग थीफ', म्हणजे 'विजेचा चोर'. लेखक अमेरिकेतले, त्यांचे नाव रिक रायर्डन. ते पुष्कळ वर्षे शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवीत असत. त्यांच्या मुलाला वाचन जमेना. लहान असतानाच डॉक्टरांनी सांगितले की त्याला डिसलेक्सिया आहे, शिवाय तो चंचल आहे, एका जागी त्याचे मन ठरत नाही. या मुलाला ग्रीक देवदेवतांच्या गोष्टी मात्र फार आवडत. रोज रात्री निजताना बाबांनी एक गोष्ट सांगायची. सांगता सांगता पुराणातल्या गोष्टी संपल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, आता नवी रचून सांगा. मग वडिलांनी त्याच्यासारख्याच एका मुलाला नायक करून गोष्ट रचली. ती २००५ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे २००९ पर्यंत तिचे आणखी चार भाग झाले, तिच्यावर २०१० साली चित्रपट निघाला आणि २०२३ च्या डिसेंबरपासून मालिकाही सुरू झाली. मी आज पहिल्या भागाबद्दलच मुख्यतः बोलणार आहे.

आपण लहानपणी ऐकलेल्या अद्भुत गोष्टी घडत त्या एखाद्या आटपाट नगरात, नाहीतर घनदाट अरण्यात. ही गोष्ट घडते आजच्या न्यूयॉर्क शहरात, बसगाड्यांत, उपाहारगृहांत आणि मोठाल्या दुकानांत. ग्रीकांचे देव अजून जिवंत आहेत, अशी कल्पना केली आहे. त्यांचा स्वर्ग एम्पायर स्टेट बिल्डिंग या उंच इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. इमारतीला खरे मजले एकशे दोनच, पण पहारेकऱ्याने दिलेले खास कार्ड लिफ्टमध्ये घातले की लिफ्ट थेट देवांच्या दारी. यमलोकाचा दरवाजा आहे लॉस एंजलिस शहरात, एका ध्वनिमुद्रणाच्या कचेरीत, आणि तिथला नावाडी पगार वाढवून मागतो आहे! मुलगी हे सांगत असताना मला हसू आवरेना. पण त्यात एक मर्म आहे. राक्षस आणि देव जुन्या काळी होऊन गेले असे आपण म्हणतो, आणि ते आपल्या शेजारच्या फाटकातूनही आत येऊ शकतात, असे हे पुस्तक म्हणते.

आता गोष्टीतल्या माणसांकडे वळते.

पर्सी जॅक्सन हा बारा वर्षांचा मुलगा. सहा वर्षांत सहा शाळांतून त्याचे नाव काढलेले. वर्गात बसला की अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे नाचू लागतात, एकाची जागा दुसरे घेते. हात-पाय स्वस्थ राहत नाहीत. काही मोडले, काही सांडले, की आळ त्याच्यावर. आपण वाईट आहोत, असे त्याला स्वतःलाच वाटू लागलेले आहे. शाळेत त्याचा एकच मित्र, ग्रोव्हर. तो अडखळत चालतो आणि इतर मुले त्याची टिंगल करतात. शिक्षकांपैकी चाकाच्या खुर्चीत बसणारे ब्रूनर नावाचे एक लॅटिनचे गुरुजी तेवढे म्हणतात की, तुझ्याकडून मी इतरांपेक्षा जास्त अपेक्षा करतो.

पुढे उलगडत जाते ते असे. पर्सीचा बाप म्हणजे समुद्राचा देव पोसायडन आणि आई साधी मनुष्य. आपल्याकडे कुंतीचे पुत्र जसे देवांचे, तसाच हा. ग्रोव्हर हा अर्धा माणूस, अर्धा बोकड, आणि त्याच्या रक्षणासाठी पाठवलेला. चाकाच्या खुर्चीतले गुरुजी म्हणजे कायरॉन, कमरेखाली घोडा असलेले, ग्रीक वीरांचे पुराणप्रसिद्ध गुरू. देवांची अशी जी मुले असतात त्यांच्यासाठी समुद्राजवळ एक शिबिर आहे. तिथे गेल्यावर पर्सीला सांगतात की, तुला इंग्रजी वाचता येत नाही कारण तुझे डोके प्राचीन ग्रीकसाठी घडले आहे. आणि तू स्वस्थ बसत नाहीस कारण तुझे अंग रणांगणासाठी घडले आहे. ज्याला शाळेने दोष म्हटले तेच तिथे लक्षण ठरते.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण ही गोष्ट आपल्या गल्लीतली आहे. काना-मात्रा गाळणारा, 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' वाचणारा, तोंडी विचारले तर सगळे सांगणारा आणि वहीत मात्र काहीच न उतरणारा असा मुलगा किंवा मुलगी आपण प्रत्येकीने पाहिली आहे. त्याला आपण काय म्हणतो? आळशी, दगड, नाहीतर लक्षच देत नाही म्हणून एक रट्टा. डिसलेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी कमी नसते. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालायला त्याच्या मेंदूला जास्त कष्ट पडतात, एवढेच. २००७ साली 'तारे जमीं पर' चित्रपट आला तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. आपल्या देशात अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली नव्याने झाला, त्यात अशा अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्र असेल तर महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला अशा मुलांना जास्त वेळ मिळतो, गरज पडली तर लेखनिक मिळतो. ही माहिती किती आयांना आहे?

मात्र एक सावधगिरी हवी. पुस्तकातल्या मुलाचा दोष हा देवपणाची खूण निघतो. ते वाचून मुलांना धीर येतो आणि तो यावाच. पण आपल्या मुलाच्या अंगी एखादी दैवी कला दडलेली असेल म्हणून तो आपला, असे आईने म्हणू नये. कला दडलेली नसली तरी तो आपलाच आहे. त्याला चमत्कार नको आहे. त्याला हळू शिकवणारा शिक्षक हवा आहे आणि घरात न रागावणारे माणूस हवे आहे.

ते माणूस म्हणजे पर्सीची आई, सॅली. या पुस्तकातले मला सर्वांत आवडलेले पात्र हेच.

सॅली पाच वर्षांची असताना तिचे आईवडील विमानाच्या अपघातात गेले. काकाने वाढवले, पण त्याला तिची फारशी माया नव्हती. लेखिका व्हायचे तिच्या मनात होते. शाळेत असतानाच कामे करून ती पुढच्या शिक्षणासाठी पैसे साठवी. इतक्यात काकाला कॅन्सर झाला आणि त्याची सेवा करायला तिने शाळेचे शेवटचे वर्ष सोडले. काका गेला तेव्हा हातात पैसा नाही, नात्याचे माणूस नाही आणि शाळेचे प्रमाणपत्रही नाही. भगिनींनो, परक्या देशातली ही हकीकत, पण आपल्यातल्या कितीजणींना ती आपलीच वाटेल! घरातल्या दुखण्यापायी पहिल्यांदा कुणाची शाळा सुटते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता ती न्यूयॉर्कच्या मोठ्या रेल्वे स्टेशनवर मिठाईच्या दुकानात काम करते आणि गेब नावाच्या माणसाशी लग्न करून त्याच्या घरात राहते. हा गेब घाणेरडा, दारू पिणारा, रात्रंदिवस पत्ते कुटणारा. अंगाला इतकी दुर्गंधी की मुलाने त्याचे नावच तसे पाडले आहे. मुलाकडून पैसे उकळणार, बायकोवर ओरडणार. इतकी चांगली बाई या माणसाबरोबर का राहते, हे कोडे पर्सीला सुटत नाही. पुढे ग्रोव्हर त्याला उत्तर सांगतो. देवांच्या मुलांचा वास राक्षसांना दुरून येतो. गेबच्या दुर्गंधीत पर्सीचा वास झाकला जाई. मुलगा जगावा म्हणून आईने वर्षानुवर्षे तो माणूस सोसला.

आपल्याकडे "मुलांसाठी सोसले" हे वाक्य प्रत्येक पिढीने ऐकले आहे. लेखकाने त्याला गोष्टीचे रूप दिले आणि मुलांपुढे ठेवले, याचे मला फार कौतुक वाटले. आईच्या गप्प बसण्यामागे काय हिशेब असतो, हे मुलांना एरवी कोण सांगणार?

पण सॅली नुसती सोसणारी नाही. एकदा गेब तिला म्हणाला होता की, निळ्या रंगाचा खाण्याचा पदार्थ जगात नसतोच. तेव्हापासून ही बाई मुद्दाम निळे पदार्थ करते. वाढदिवसाचा केक निळा, दुकानातून आणलेल्या गोळ्याही निळ्या. लग्नानंतर तिने आपले जॅक्सन हे नावही बदललेले नाही. उघड भांडण नाही, पण मनातला एक कोपरा तिने कुणाला दिलेला नाही, हे त्या निळ्या केकमधून मुलाला रोज कळत असते. आई मोडलेली नाही, हे मुलाला दिसणे फार महत्त्वाचे असते.

राक्षस मागे लागल्यावर सॅली मुलाला शिबिराच्या टेकडीपर्यंत पोचवते आणि स्वतः बैलाच्या तोंडाच्या मिनोटॉर राक्षसाच्या हाती सापडून सोन्यासारख्या उजेडात नाहीशी होते. ती यमलोकात अडकली आहे असे पर्सीला कळते. तिकडे देवांचा राजा झ्यूस याचे वज्र चोरीला गेलेले असते आणि आळ येतो पोसायडनच्या मुलावर, म्हणजे पर्सीवर. ठरलेल्या दिवसापर्यंत वज्र परत मिळाले नाही तर देवांत युद्ध पेटणार. ते शोधायला पर्सी, ग्रोव्हर आणि अ‍ॅनाबेथ असे तिघे निघतात. पर्सीच्या मनात मात्र वज्रापेक्षा आई आहे.

अ‍ॅनाबेथ ही विद्येची देवता अथीना हिची मुलगी. तीही बारा वर्षांची, आणि सात वर्षांची असताना घर सोडून शिबिरात आलेली. सावत्र आईच्या घरात आपण नकोशा आहोत, असे तिला वाटले. तिघांत डोके तिचेच चालते. आपल्या मुलींना गोष्टीत अशी मुलगी भेटावी, जी सुटका होण्याची वाट पाहत नाही आणि वाट काढते. यमलोकाच्या दारातला तीन तोंडांचा कुत्रा सर्वांना फाडायला उठतो, तेव्हा तलवार उपसण्याऐवजी ती एक लाल चेंडू काढून त्याच्याशी खेळते आणि तो शेपूट हलवतो. त्या पहाऱ्यावरच्या कुत्र्याशी आजवर कुणी खेळलेलेच नसते.

वाटेत त्यांना जी संकटे भेटतात त्यातली दोन सांगते. एका रात्री भुकेल्या मुलांना रस्त्याकडेला दगडी पुतळ्यांचे दुकान दिसते. एक प्रेमळ मावशी त्यांना आत बोलावून पोटभर खाऊ घालते आणि फोटो काढू म्हणते. ती असते मेड्युसा, जिच्याकडे पाहिले की माणसाचा दगड होतो. ते पुतळे म्हणजे आधी आलेली माणसे. भुकेल्या मुलाला खाऊ देणारा हात कुणाचा आहे, हे पाहायला आपण मुलांना शिकवतोच.

दुसरे संकट मला जास्त भयंकर वाटले. लास व्हेगास शहरातल्या एका आलिशान हॉटेलात तिघे शिरतात. तिथे खाणे फुकट, राहणे फुकट आणि खेळांना अंत नाही. तिथे कुणी मारत नाही, कुणी बांधून ठेवत नाही. पर्सी सहज एका मुलाला विचारतो, आज साल कोणते? तो म्हणतो, १९७७. तो मुलगा तेव्हापासून खेळतो आहे, आणि त्याचे वयही वाढलेले नाही. तिघे धावत बाहेर पडतात तो कळते की आपल्याला तास दोन तास वाटले, बाहेर पाच दिवस गेले. हे लिहिले तेव्हा मुलांच्या हातात आजच्यासारखे मोबाईल नव्हते. हा भाग संपल्यावर माझी मुलगी पुस्तक मिटून गप्प बसली, आणि मीही काही बोलले नाही. सांगायचे ते त्या १९७७ सालातल्या मुलाने सांगितले होते.

शेवटी तिघे यमलोकात पोचतात. तिथल्या राजापुढे, हेडीसपुढे, पर्सीची आई उभी आहे. परत जाण्यासाठी पोसायडनने दिलेले मोती आहेत तीन, आणि एका मोत्याने एकच माणूस जातो. माणसे झाली चार. अ‍ॅनाबेथ म्हणते मी मागे राहते, ग्रोव्हर म्हणतो मी राहतो. पर्सीने काय करावे? ज्या आईसाठी तो मृत्यूच्या दारात आला तिलाच तो मागे ठेवतो, परत येईन असे तिला सांगून. मित्रांना बळी देऊन आणलेली सुटका आईला गोड लागणार नाही, हे त्याला कळते. असा निर्णय घेणारा मुलगा आकाशातून पडत नाही. तिनेच त्याला तसा वाढवलेला असतो. पुढे हेडीसची चोरीला गेलेली वस्तू पर्सी परत करतो, आणि आई घरी येते.

आता पुस्तकाच्या शेवटाबद्दल. त्यावरून आपल्यात मतभेद होतील हे मला ठाऊक आहे, तरी सांगते. मुलगा घरी येतो तेव्हा गेब आईवर हात उगारतो आणि ती दचकून अंग चोरते. त्या एका हालचालीवरून मुलाला कळते की हे पूर्वीही घडले आहे. पर्सीजवळ मेड्युसाच्या तोंडाची पेटी असते. तो म्हणतो, तू म्हण, आत्ता याचा दगड करतो. आई नाही म्हणते. ती सांगते की, तुझ्या बापानेही मला समुद्राखाली महाल बांधून देऊ केला होता. पण माझे आयुष्य माझे असायचे असेल तर ते देवानेही सावरता कामा नये आणि मुलानेही. पेटी ठेवून मुलगा निघून जातो. पुढे पत्र येते. गेब गायब आहे. पत्ते खेळणाऱ्या माणसाचा एक दगडी पुतळा आईने विकला आहे. त्या पैशातून तिने नवी खोली घेतली आणि विद्यापीठात नाव घातले.

कुणी म्हणेल, हा काय मुलांना शिकवण्यासारखा शेवट? नवऱ्याचा दगड करणारी बाई! मीही यावर चार दिवस विचार केला. माझे मत असे झाले. गोष्टीत दगड होतो, तो गोष्टीचा भाग आहे. आपल्याकडेही शापाने शिळा झाल्याच्या कथा आपण लहान मुलांना सांगतोच. त्यातला अर्थ घ्यायचा. पहिला अर्थ असा की, मुलगा मोठा होईल आणि मला सोडवील, अशी वाट तिने पाहिली नाही. बारा वर्षांच्या पोराच्या हाती तिने सूड दिला नाही. किती घरांत मुलगे बापाशी मारामारी करायला उभे राहतात आणि आपले आयुष्य नासवून घेतात! तिने मुलाचे हात स्वच्छ ठेवले. दुसरा अर्थ असा की, सोसण्याचे कारण संपल्यावर तिने सोसणेही संपवले. मुलाला झाकण्याची गरज उरली नव्हती.

आणि आपल्याला कुणाचा दगड करण्याची गरज नाही. हे पुस्तक निघाले त्याच २००५ साली आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. मारहाणच नव्हे, तर सततचा अपमान आणि पैशाची कोंडी यांनाही तो हिंसा म्हणतो. राहते घर सोडावे लागू नये म्हणून कोर्टाकडून आदेश मागता येतो. प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. हे एकमेकींना सांगणे हे मंडळाचेच काम आहे.

आता मी भाषणाच्या नावातल्या दुसऱ्या मुलाकडे येते.

शिबिरात ल्यूक नावाचा एक मोठा मुलगा आहे. चेहऱ्यावर व्रण, स्वभावाने मनमिळाऊ, तलवारीत सर्वांत तरबेज. नव्या आलेल्या पर्सीला तोच सांभाळून घेतो. ज्या मुलांचे देव-बाप त्यांना ओळखही देत नाहीत, ती सगळी त्याच्याच खोलीत दाटीवाटीने जमिनीवर निजतात. ल्यूकचा बाप हर्मिस, देवांचा दूत. शेवटी कळते की वज्र चोरले ते ल्यूकने. देवांवर त्याचा राग आहे, आणि त्या रागाचा फायदा घेतला आहे क्रोनॉसने, देवांनी पाताळात ढकललेल्या त्यांच्या दुष्ट बापाने. ज्याने आपल्याला मित्र म्हटले त्यानेच विषारी विंचू आपल्या अंगावर सोडावा, हे पर्सीला फार लागते.

भगिनींनो, या दोघांची तक्रार एकच आहे. बापाने जन्म दिला आणि पाठ फिरवली. पर्सीलाही बाप बारा वर्षे भेटलेला नाही. शेवटी भेटतो तेव्हाही पोसायडन त्याला पोटाशी धरत नाही. वीराचे नशीब दुःखाचे असते, ते मी तुझ्या माथी मारले, अशा अर्थाचे काहीसे अवघडून बोलतो. तरी पर्सी कडवट होत नाही. मग दोघांत फरक कुठे पडला?

पुढच्या भागांत ल्यूकच्या घरची हकीकत येते. त्याच्या आईचे मन बिघडले होते. ती पोराला ओळखे आणि घाबरवीही. नऊ वर्षांचा असताना तो घर सोडून पळाला. त्याच्यासाठी निळा केक करणारे कुणी नव्हते. त्या बिचारीचाही यात दोष नाही, हे मुद्दाम सांगते. ती आजारी होती, आणि तिला व तिच्या मुलाला पाहणारे कुणी नव्हते. दोष शोधायचा तर तो तिथे आहे.

आपल्या पुराणांतही ही दोन मुले आहेत. बापाच्या मांडीवरून उठवलेला ध्रुव रडत सुनीतीकडे आला. तिने त्याचे दुःख खोटे म्हटले नाही आणि सावत्र आईवर त्याला भडकावलेही नाही. तिने त्याला वाट दाखवली. उलट कर्ण पाहा. कुणी विचारील, कर्णाला राधेची माया नव्हती का? होती, पुष्कळ होती. पण भर सभेत त्याचे कूळ विचारले गेले आणि कुंती गप्प राहिली, तेव्हा त्याला जवळ घेतले दुर्योधनाने. ज्याने पहिला मान दिला त्याचा तो झाला आणि शेवटपर्यंत राहिला. ल्यूकलाही पाताळातून कुणीतरी "तू मोठा आहेस" म्हणाले. भुकेले मूल पहिल्या हाकेला जाते. हाक कुणाची आहे हे पाहायला त्याला उसंत नसते.

मला या पुस्तकातून कळले ते एवढेच. मूल हुशार की मठ्ठ, बाप थोर की लहान, यावर सगळे अवलंबून नसते. त्याच्या बाजूने उभे राहणारे एक माणूस त्याला वेळेवर मिळाले की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. ते माणूस आईच असले पाहिजे असेही नाही. पर्सीच्या शाळेत ते चाकाच्या खुर्चीतले गुरुजी होते आणि अडखळत चालणारा मित्रही होता. आणि अ‍ॅनाबेथ? शेवटी ती वडिलांना पत्र लिहिते आणि पुन्हा एकदा घरी राहून पाहायचे ठरवते. बंद झालेले दार एका पत्राने थोडे किलकिले होते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या वाचनालयाच्या खोलीत शनिवारी दुपारी कुणी नसते. तिथे आळीपाळीने एकीने बसावे आणि आसपासच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवावी. ज्याला वाचता येते त्यानेही यावे, ज्याची अक्षरे नाचतात त्यानेही यावे. तिथे कुणाला उभे करून वाचायला लावू नये, गुण देऊ नयेत. ऐकता ऐकता एखादे मूल मागे पडते आहे असे दिसले, तर त्याच्या आईशी हळूच बोलावे. एखादी आई दचकून अंग चोरते असे दिसले, तर तिच्याशीही बोलावे. पहिल्या शनिवारी मी बसेन. पुस्तक माझ्या मुलीने द्यायचे कबूल केले आहे. अडेल तिथे सांगायला ती शेजारी असेल.